दिग्दर्शन आणि संगीत एकाच हाती: गोव्यात राहून हे पेलतं का?

वाळवंटी:
नमस्कार मंडळी.

मी डिचोलीची. लघुपट बनवते आणि त्यांचं पार्श्वसंगीतही स्वतःच करते. घरात पेटी होती, आजोबा भजनाला साथ करायचे, त्यामुळे सूर आधी आले आणि कॅमेरा पुष्कळ नंतर. आता पूर्ण लांबीच्या चित्रपटाची संहिता तयार आहे. सत्तरी तालुक्यातल्या एका कुटुंबाची गोष्ट आहे. माणसं घरात कोकणी बोलतात, देवळात आणि नाटकात मराठी, पडद्यावरही तशीच बोलतील.

पैसे घालू शकतील अशा एका गृहस्थांशी बोलणं चाललं आहे. गोष्ट त्यांना मनापासून आवडली. अट एवढीच की संगीत कुणा नावाजलेल्या माणसाकडून करून घ्यायचं. दोन्ही कामं करणाऱ्याला लोक ना धड दिग्दर्शक मानतात ना धड संगीतकार, असं त्यांचं म्हणणं.

मला ते पटत नाही. प्रसंग लिहिताना तो मला आधी ऐकू येतो. बोलणं कुठे थांबणार, कुठे नुसता पाऊस राहणार, हे संहितेतच ठरलेलं असतं. ते दुसऱ्याकडे सोपवायचं म्हणजे निम्मं दिग्दर्शन सोपवण्यासारखं आहे.

तर प्रश्न असा, की स्वतःच्या हिमतीवर चित्रपट करणाऱ्याने, तेही गोव्यात राहून, या दोन्ही कामांवर आयुष्यभराचा व्यवसाय उभा करावा का? पोट, मान आणि कामाचा दर्जा, तिन्ही अंगांनी सांगा.

दर्यावर्दी:
जागा धरून ठेवतो. पेटीकाका आणि मडगावचे संकलक एकाच धाग्यावर येणार, म्हणजे चहाचं आधण आधीच ठेवलेलं बरं.

फोंडेकर:
वाळवंटी, त्या गृहस्थांना सत्यजित राय यांच्याबद्दल सांग. 'पाथेर पांचाली'ला रविशंकर, 'जलसाघर'ला विलायत खाँ, 'देवी'ला अली अकबर खाँ. असे वादक लाभूनही १९६१च्या 'तीन कन्या'पासून राय आपल्या चित्रपटांचं संगीत स्वतः करू लागले आणि शेवटपर्यंत करत राहिले. थोर वादक सदा दौऱ्यावर, त्यांचा वेळ मिळणं कठीण. 'पाथेर पांचाली'चं संगीत रविशंकरांनी एका रात्रीच्या बैठकीत दिलं आणि कमी पडलेला तुकडा छायालेखक सुब्रत मित्र यांनी सतारीवर वाजवला!

आणि मानाचं म्हणशील तर १९६५च्या 'शेक्सपियरवाला'साठी जेम्स आयव्हरी यांनी रायना संगीतकार म्हणून बोलावलं. दिग्दर्शक मित्राला दुसऱ्या दिग्दर्शकाने सुरांसाठी बोलवावं, याहून मोठी पावती कोणती?

पेटीकाका:
बाय, आजोबा भजनाला साथ करायचे हे वाचून जीव सुखावला. पण माझं मत तुझ्या विरुद्ध आहे, ते मोकळेपणाने मांडतो.

आपल्या मंगेशीचे अभिषेकीबुवा घे. 'मत्स्यगंधा' १९६४चं, 'कट्यार काळजात घुसली' १९६७चं. 'कट्यार' दारव्हेकरांनी लिहिलं, त्यांनीच बसवलं. संगीत मात्र बुवांवर सोपवलं. त्या नाटकात गाणं हीच गोष्ट आहे, तरीही लेखक-दिग्दर्शकाने ते दुसऱ्याच्या गळ्यावर विश्वासून दिलं. दोन बुद्धी एकमेकींवर घासल्याशिवाय तसं तेज येत नाही. एकाच माणसाने दोन्ही केलं की त्याला 'हे नको' म्हणणारं कुणी उरत नाही. कला अकादमीच्या 'अ' गट स्पर्धेतली नाटकं मी वर्षानुवर्षं पाहतो. दिग्दर्शकच पार्श्वसंगीत करतो तिथे संगीत बहुधा जास्त होतं. त्याला आपल्या प्रसंगावर भरवसा नसतो, म्हणून सुरांचा टेकू देतो.

तू करू नकोस असं म्हणत नाही. पण तुला अडवणारं माणूस आधी शोध.

शेवंती:
काकांना +१. 'तुला अडवणारं माणूस' हे फार मोलाचं.

वास्कोचा तियात्रवेडा:
काका, आदर ठेवून असहमत. गोव्यात तर एकाच माणसाने सगळं करण्याची वहिवाटच आहे. तियात्र, म्हणजे आपलं गाण्यांनी भरलेलं कोकणी नाटक, पाहा. १८९२ साली मुंबईत पहिला तियात्र झाला तेव्हापासून आजवर तियात्र लिहिणारा बहुतेक वेळा तो बसवतो, त्यात काम करतो, कांतारां म्हणजे त्यातली गाणी रचतो आणि गातोही. कुणी त्याला विचारत नाही की बाबा, तू नक्की कोण?

शिवाय एक गोष्ट चित्रपटवाल्यांनी शिकण्यासारखी आहे. तियात्रातली कांतारां कथेला बांधलेली नसतात. दोन प्रवेशांच्या मध्ये येतात, महागाईवर, राजकारणावर, आईवर. त्यामुळे तियात्र उतरला तरी कांतार जगतं. आधी कॅसेटवर, मग व्हीसीडीवर, आता मोबाईलवर. गाणाऱ्याचं नाव गाण्यामुळे टिकतं आणि पुढच्या तियात्राला लोक त्या नावावर तिकीट काढतात. वाळवंटीने आपलं संगीत असं सुटं उभं राहील याची तजवीज केली तर दोन व्यवसाय एकमेकांना ओढून नेतील.

आणि फ्रँक फर्नांड यांचं नाव अजून कसं नाही आलं? कुडचड्यातला ट्रम्पेटवादक, मुंबईच्या चित्रपटसृष्टीत नाव काढलं आणि तिथल्या कमाईतून कोकणी चित्रपट उभे केले. 'आमचें नोशीब' १९६३, 'निर्मोण' १९६६. निर्माता तेच, संगीतकार तेच. दिग्दर्शन ए. सलाम यांचं. 'निर्मोण'वरून पुढच्याच वर्षी हिंदी 'तकदीर' निघाला. त्या गाण्यांवर आजही लग्नाघरी माणसं नाचतात.

फोंडेकर:
फ्रँक फर्नांड यांचं उदाहरण सुंदर, पण त्यात दिग्दर्शन दुसऱ्याचं होतं. म्हणजे ते काकांच्या बाजूनेही लागू पडतं. :)

वास्कोचा तियात्रवेडा:
मान्य रे. पण पैसा आणि सूर एकाच हाती असणं हीसुद्धा तेव्हा लहान गोष्ट नव्हती.

मडगावचा संकलक:
आधण ठेवलं असेल तर घ्या, आलो.

मी संकलन करतो, त्यामुळे दिग्दर्शक-संगीतकार हा प्राणी मी अगदी जवळून पाहतो. फोंडेकर, रायांच्या उदाहरणातला एक भाग तुम्ही सोडलात. १९५५ ते १९६१ या काळात ते आधी थोर वादकांबरोबर बसले, काय जमतं आणि काय अडतं ते पाहिलं, मग स्वतःच्या हाती घेतलं. तो काळ ही त्यांची शाळा होती.

वाळवंटीसाठी कामाच्या चार गोष्टी.

संकलन चालू असताना टाइमलाइनवर स्वतःचं संगीत अजिबात ठेवू नकोस. सूर असले की लांबलेला शॉटही बरा वाटतो. आधी नुसतं चित्र, बोलणं आणि जागेवरचा आवाज यावर प्रसंग उभा राहिला पाहिजे. जो प्रसंग संगीताविना पडतो तो संगीताने उभा राहत नाही, फक्त त्याचं पडणं थोडं उशिरा कळतं.

चित्राची लांबी पक्की झाली की लयीचा हिशेब कर. सेकंदाला २४ फ्रेम धरल्या तर मिनिटाला १२० मात्रांच्या लयीत एक मात्रा बरोबर १२ फ्रेमची होते, ९० च्या लयीत १६ फ्रेमची. हे डोक्यात ठेवलंस तर कट आणि ठेका कुठे जुळवायचा आणि कुठे मुद्दाम चुकवायचा हे तुझ्या हातात राहतं. प्रत्येक कटवर ठेका आला तर जाहिरात वाटते.

बोलण्यावर बासरी आणि व्हायोलिन जपून. व्यंजनं स्पष्ट कळतात ती साधारण १ ते ४ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात आणि ही वाद्यं नेमकी तिथेच गर्दी करतात. तुझी पात्रं दोन भाषांत बोलणार, प्रेक्षकाचे कान आधीच ताणलेले असतील.

आणि अंतिम ध्वनिमिश्रण दुसऱ्याच्या हाती दे. इथे हट्ट करू नकोस. संगीत तू केलंस, दिग्दर्शन तू केलंस, मग आपले सूर खाली करायला तुझा हात उठणार नाही. पेटीकाका म्हणतात ते 'अडवणारं माणूस' नेमकं त्या खुर्चीवर बसायला हवं.

पेटीकाका:
संकलक, वादच मिटवलात की! त्या खुर्चीवर माणूस बसणार असेल तर माझा विरोध पातळ झाला म्हणायला हरकत नाही.

वाळवंटी:
संकलक, हे छापून टेबलासमोर लावणार आहे. संगीताविना संकलन करायचं हे ऐकून छातीत धडधडलं, पण खरं आहे.

पुण्याची पाहुणी:
मी दर नोव्हेंबरला पणजीला येते. २००४पासून इफ्फी, म्हणजे भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, गोव्यात स्थिरावला आणि माझी रजाही तेव्हापासून ठरलेली. दोन उदाहरणं देते, दोन टोकांची.

आपल्या पुलंनी १९५३ साली 'गुळाचा गणपती'ची कथा, पटकथा, संवाद, संगीत, दिग्दर्शन आणि प्रमुख भूमिका असं सगळं केलं. 'इंद्रायणी काठी' गदिमांचं, पण चाल पुलंची आणि स्वर भीमसेनजींचा. त्यानंतर पुलं चित्रपटांपासून दूर गेले. सगळं एकट्याने पेलण्याला केवढी किंमत असू शकते हे त्यातून दिसतं. चाल मात्र अजून प्रत्येक आषाढीला ऐकू येते.

दुसरं अमेरिकेतल्या जॉन कार्पेंटर यांचं. वडील संगीताचे प्राध्यापक, त्यांनी लहानपणी बोंगोवर पाच मात्रांचा ठेका शिकवला. १९७८च्या 'हॅलोविन'ची ती प्रसिद्ध धून त्याच ठेक्यावर आहे. संगीत घालण्याआधी तो चित्रपट एका स्टुडिओच्या अधिकारी बाईंना दाखवला तर त्यांना जराही भीती वाटली नाही, असं कार्पेंटर यांनीच सांगितलं आहे. पुढे दिग्दर्शन थांबलं, शेवटचा पूर्ण लांबीचा चित्रपट २०१०चा. पण २०१५ साली, वयाच्या ६७ व्या वर्षी, त्यांनी चित्रपटाशी संबंध नसलेल्या स्वतःच्या संगीताचा अल्बम काढला आणि नंतर मुलाला घेऊन मैफलींच्या दौऱ्यावर निघाले.

वाळवंटी, तू आयुष्यभराचं विचारलंस म्हणून हे लिहिलं. चित्रपट काढायला दर वेळी दुसऱ्याचा पैसा लागतो. संगीत करायला घरातली खोली पुरते. ज्या वर्षी पहिलं अडेल त्या वर्षी दुसरं तुला कलाकार म्हणून जागतं ठेवील.

शेवंती:
पाहुणीबाई, शेवटचा परिच्छेद दोनदा वाचला.

दर्यावर्दी:
विषयांतर करतो, माफी असावी. वाळवंटी, सत्तरीची गोष्ट आहे तर घुमट, आपलं ते चामडं चढवलेलं मातीचं वाद्य, घेणार ना? नाही घेतलंस तर तिकीट काढणार नाही.

वाळवंटी:
घेणारच! घुमट, शामेळ हे दुसरं तालवाद्य आणि कांसाळें म्हणजे झांजा. चवथीच्या आरतीचा मोठा प्रसंग आहे. पण माझ्याकडच्या ध्वनिमुद्रणात घुमट नुसतं फट्फट् वाजतं, पोटातला आवाज येत नाही.

पेटीकाका:
घुमटाला दोन तोंडं असतात हे विसरू नकोस. चामड्याच्या बाजूने थाप येते, मागच्या उघड्या तोंडातून गाज येते आणि वाजवणारा डाव्या तळव्याने ते तोंड झाकत-उघडत ती गाज वळवतो. एकच माइक समोर ठेवलास तर अर्धंच घुमट मिळणार.

मडगावचा संकलक:
बरोबर. दोन माइक लाव, मागचा थोडा तिरका ठेव म्हणजे हवेचा फटका बसणार नाही. दोन्ही वेगळ्या ट्रॅकवर, ४८ किलोहर्ट्झच्या सॅम्पल रेटला. ४४.१ वर घेऊन मग चित्रपटासाठी बदलत बसू नकोस. आणि पावसात करणार असशील तर चामडं ढिलं पडतं, मध्ये मध्ये शेक द्यावा लागेल.

फोंडेकर:
चामडं कशाचं आहे तेही विचारून घे. पूर्वी घोरपडीचं असायचं, वन्यजीव कायद्याने त्याला बंदी आहे. आता बकऱ्याचं वापरतात आणि २०१९ साली सरकारने घुमटाला गोव्याचं वारसा वाद्य म्हणून मान्यता दिली, तीही या बदलानंतरच शक्य झाली. पडद्यावर जुनं घोरपडीचं घुमट दिसलं तर नसती चौकशी मागे लागेल.

वास्कोचा तियात्रवेडा:
घोरपडीची गाज वेगळीच होती असं जुने म्हणतात.

पेटीकाका:
होती. पण घोरपडही जगली पाहिजे. चांगला कुंभार आणि ताणून बसवलेलं चामडं असेल तर आजचं घुमटही तोंडघशी पाडत नाही. माझ्या कानांवर विश्वास ठेव.

कायद्याची वही:
उशिरा आले. मूळ प्रश्नातला 'पोट' हा भाग अजून कुणी नीट हाताळलेला नाही. मी वकिली करते, कलाकारांचे करार पाहते, त्यामुळे हे सविस्तर लिहिते.

आपल्या कॉपीराइट कायद्याने चित्रपटाचा कर्ता निर्माता आहे, दिग्दर्शक नाही. दिग्दर्शकाला करारात लिहिलेलं मानधन मिळतं. चित्रपट पुढे वीस ठिकाणी विकला गेला तरी करारात नसेल तर त्याला कायद्याने काही मागता येत नाही.

संगीतकृतीचा कर्ता मात्र संगीतकार. २०१२च्या दुरुस्तीने त्याची बाजू आणखी भक्कम केली. चित्रपटात वापरलेल्या संगीताचे हक्क निर्मात्याला दिले तरी, चित्रपटगृहात चित्रपटाबरोबर वाजण्याखेरीज इतर वापरांतून येणाऱ्या रॉयल्टीत संगीतकाराचा समान वाटा राहतो. हा वाटा सोडून देण्याचा करार केला तरी तो टिकत नाही. मुदत संगीतकाराच्या हयातीनंतर ६० वर्षं. पार्श्वसंगीतही यात येतं, गाणंच हवं असं नाही.

म्हणजे बघ, 'संगीत दुसऱ्याकडून करून घे' हा नुसता मान-अपमानाचा प्रश्न नाही. संगीत सोडलंस तर कायद्याने तुझ्यापाशी कायम राहणारा एक मोठा हक्क सोडशील. पैसा किती येईल? प्रादेशिक चित्रपटाच्या पार्श्वसंगीतातून एकदम मोठी रक्कम येत नाही, त्या भरवशावर घर चालवू नकोस. पण झरा वाहता राहतो आणि चार-पाच चित्रपटांनंतर त्याचा आधार वाटतो.

त्यासाठी तीन कामं. दिग्दर्शनाचा आणि संगीताचा करार वेगळा कर, मानधनही वेगवेगळं लिहून घे. आयपीआरएस, म्हणजे संगीतकारांची रॉयल्टी गोळा करून वाटणारी संस्था, तिची सभासद हो आणि प्रत्येक कृती नोंदव. क्यू शीट बनव: कुठला तुकडा, कितव्या मिनिटाला, किती सेकंद, कर्ता कोण. क्यू शीट नसेल तर दूरचित्रवाणीवर चित्रपट लागूनही तुझ्या नावावर काही जमा होणार नाही. संकलकांना हे एका संध्याकाळचं काम आहे, त्यांना गळ घाल.

मडगावचा संकलक:
गळ न घालताही करून देईन.

वाळवंटी:
वहीताई, हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. त्या गृहस्थांनी दिलेल्या मसुद्यात 'दिग्दर्शन व तदनुषंगिक सर्व कामे' असं एकच कलम आहे.

कायद्याची वही:
त्यावर सही करू नकोस. 'तदनुषंगिक' खोडून घे. चांगला माणूस असेल तर रागावणार नाही.

पुण्याची पाहुणी:
त्या गृहस्थांची भीतीही समजून घ्यायला हवी. नावाजलेला संगीतकार म्हणजे पोस्टरवर एक नाव वाढतं, बाहेरच्या वितरकाला सांगता येतं. पण गोव्यातले जे चित्रपट बाहेर पोचले ते नावांवर पोचले का? लक्ष्मीकांत शेटगावकरांच्या 'पलतडचो मुनिस'ला २००९ साली टोरोंटोत समीक्षकांचा फिप्रेसी पुरस्कार मिळाला तो गोष्टीच्या आणि हाताळणीच्या बळावर. दर नोव्हेंबरला पणजीतल्या फिल्म बाजारात परदेशी निवडकर्ते येतात, त्यांना मुंबईच्या संगीतकाराचं नाव ठाऊकही नसतं. त्यांना लागतं ते इथलं, दुसरीकडे न मिळणारं. तुझ्या आरतीच्या प्रसंगात ते आहे.

वास्कोचा तियात्रवेडा:
आणि इथल्या प्रेक्षकाला सुरांवर बोलावता येतं. 'नाचुंया कुंपासार' हा कोकणी चित्रपट घ्या. बार्द्रोय बारेटो मूळचे संकलक, चित्रपट संगीतकार ख्रिस पेरी आणि गायिका लॉर्ना यांच्या काळाला वाहिलेला. संगीत हाच त्याचा प्राण होता आणि लोक सभागृहं भरून आले. गोव्यात माणूस गोष्टीला एकदा येतो, सुराला परत परत येतो.

शेवंती:
मग मधला मार्ग? पार्श्वसंगीत वाळवंटीचं आणि एखादं गाणं दुसऱ्या संगीतकाराचं. पोस्टरवर नावही येईल.

फोंडेकर:
हे मला पटतं. गाणं हे सुटं काम आहे, सोपवता येतं. पार्श्वसंगीत प्रसंगाच्या आत असतं.

पेटीकाका:
गाणं दुसऱ्याला देताना चाल मात्र त्याची त्याला करू दे हां. मागे उभी राहून सूर बदलायला लावू नकोस. तिथे तू दिग्दर्शक, संगीतकार तो.

वाळवंटी:
हे मी त्यांच्यापुढे ठेवते: गाणं बाहेरच्या संगीतकाराकडे, पार्श्वसंगीत माझं, करार वेगवेगळे, ध्वनिमिश्रणाला तिसरा माणूस. त्यासोबत एक प्रसंग आधीच चित्रित करून दाखवायचा विचार आहे, आरतीनंतरचा. सगळे निघून गेलेत, सून भांडी आवरते आहे आणि ओसरीवर कुणीतरी घुमटावर नुसती बोटं फिरवतं आहे. संवाद नाही. तो पाहूनही त्यांनी अट धरली तर दुसरा निर्माता शोधीन. दिग्दर्शन आणि संगीत, दोन्ही करायचं हे आता नक्की.

वहीताई, एक राहिलं. घुमट वाजवणारे आमच्या गावचेच आहेत. तोंडी ठरलंय, पैसे देणारच आहे. त्यांच्याकडून काही लिहून घ्यावं लागेल का?

कायद्याची वही:
हो, घ्यावंच. वादकांनाही कलाकार म्हणून हक्क असतात. चित्रपटात वापरायला त्यांची लेखी संमती लागते आणि व्यापारी वापर झाला तर रॉयल्टीवरही त्यांचा अधिकार असतो. एक पानाचा साधा मराठी मजकूर पुरेल: कोणता प्रसंग, किती मानधन, श्रेयनामावलीत नाव कसं जाणार, तेच ध्वनिमुद्रण अल्बममध्ये वापरलं तर वेगळे किती. प्रत्येकाची सही, प्रत्येकाला एक प्रत. वाचून दाखवून मगच सही घे. मसुदा पाठवते, पत्ता व्यक्तिगत निरोपात दे.

पेटीकाका:
आणि बाय, नावं कशी लिहायची ते त्यांनाच विचार. घराण्याचं नाव, वाड्याचं नाव, जसं त्यांना हवं तसं.